दऱ्या, दर्या आणि सात हरवलेल्या फायली

सात मुद्रणं सापडत नव्हती. यादीत ४१ नावं होती, संग्रहात ३४ फायली पोचल्या होत्या आणि प्रोग्रॅमनं शेवटच्या ओळीत 'काम पूर्ण' असं लिहून हात झटकले होते. मी ती ओळ वाचली, मोजदाद न करता लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेलो. मोजदाद झाली ती चोवीस दिवसांनी.

हा प्रोग्रॅम म्हणजे कुणीतरी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला, छोटासा, फुकट आणि एरवी अतिशय गुणी असा. ध्वनिमुद्रणांची एक यादी त्याला द्यायची, मुद्रणांचा फोल्डर दाखवायचा. यादीतल्या नावाची फाईल तो शोधतो, संग्रहात रचून ठेवतो, सोबत सूची तयार करतो. यादीत नाव आहे पण फाईल नाही, तर पुढे जातो. फाईल आहे पण यादीत नाव नाही, तर ती 'फालतू' समजून वेगळ्या फोल्डरात टाकतो, आणि तो फोल्डर तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. आमच्या सात फायली त्या फोल्डरात पडल्या होत्या. सहा दिवस उरले होते. रेकॉर्डरमधलं कार्ड तोवर पुढच्या मुलाखतींसाठी पुसून झालं होतं.

मुलाखती कशाच्या, ते सांगायला हवं. पाली हे बीडच्या दक्षिणेला, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. बालाघाटाच्या डोंगरातून उतरणारी बिंदुसरा इथं धरणात अडवली आहे. २०२२ साली १९७२ च्या दुष्काळाला पन्नास वर्षं झाली. तो दुष्काळ कळत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पलीकडे आहेत, त्यांच्याकडून ऐकून ठेवावं म्हणून आम्ही तिघं रेकॉर्डर घेऊन पालीत आणि आसपासच्या वस्त्यांवर हिंडलो. मी इथं पालीत, एक मित्र पुण्यात, आणि तिसरा कॉलेजात शिकणारा माझा भाचा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. त्या आकड्यातली चाळीसेक माणसं आम्हांला भेटली, एवढंच.

फायलींना क्रमांक द्यायचे नाहीत, मराठी नावं द्यायची, हा हट्ट माझा. सतरा नंबरच्या मुद्रणात काय आहे हे पाच वर्षांनी कोणाला आठवणार? म्हणून 'मिलो ज्वारी', 'सुकडी', 'नालाबांधाचं काम', 'बैलबाजार' अशी नावं. ही नावं सुखरूप पोचली. न पोचलेली सात अशी: 'खडी फोडणाऱ्या बाया', 'विहिरीच्या पायऱ्या', 'दुसऱ्या वर्षीचा पाऊस', 'गुऱ्हाळ बंद पडलं', 'पाठीवरचं बिऱ्हाड', 'शेतकऱ्यांची जनावरं', 'चाऱ्याची गाडी'.

वाचकाला एव्हाना दिसलं असेल. मला दिसायला दोन रात्री लागल्या.

पहिली शंका घेतली ती नावातल्या मोकळ्या जागांवर. पण 'मिलो ज्वारी'तही मोकळी जागा आहेच. मग लांबीवर. लिनक्समधल्या नेहमीच्या फाईलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचा पाय यांसकट, तीन बाइट खातं. म्हणजे इंग्रजी माणसाला २५५ अक्षरं आणि आपल्याला ८५ चिन्हं. 'शेतकऱ्यांच्या' या एका शब्दाला १३ चिन्हं, ३९ बाइट लागतात. तरी आमचं सर्वांत लांब नावही मर्यादेच्या पुष्कळ आत होतं.

उलगडा झाला तो एका वेगळ्याच तक्रारीतून. प्रत्येक मुद्रणाचा लेखी उतारा आम्ही त्याच नावानं 'गिट'मध्ये ठेवत होतो. गिट हे लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेलं, फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर. आज जगातल्या बहुतेक प्रोग्रॅमरांच्या हाताखाली ते असतं. त्याची एक खोड अशी, की इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीतलं फाईलचं नाव ते सरळ दाखवत नाही, बाइटांचे आकडे अष्टमान पद्धतीनं छापतं. 'पाली' हे नाव ते असं छापतं: \३४०\२४४\२५२\३४०\२४४\२७६\३४०\२४४\२६२\३४०\२४५\२००. (पडद्यावर आकडे अर्थातच रोमन असतात.) चार चिन्हं, बारा बाइट. गावाचं नाव असं पाहिलं की पहिल्यांदा राग येतो. ही खोड बंद करायची एक ओळीची सोय आहे. देवनागरी, चिनी, अरबी वापरणारे लोक ती पहिल्याच दिवशी बंद करतात. मीही करतो. नव्या लॅपटॉपवर करायची राहून गेली होती, म्हणून बचावलो.

कारण त्या आकड्यांच्या रांगांत मला 'खडी फोडणाऱ्या बाया' दोनदा दिसलं, आणि दोन्ही रांगा सारख्या नव्हत्या. एकीत 'णा'च्या पुढे \३४०\२४४\२६१ असे तीन बाइट होते. दुसरीत त्याच जागी सहा: \३४०\२४४\२६०\३४०\२४४\२७४. डोळ्यांना दिसणारी नावं तंतोतंत एक, आत लिहिलेली दोन. खोड बंद असती तर दोन्ही नावं सुरेख मराठीत दिसली असती आणि मी अजून शोधत बसलो असतो.

इथं थोडं थांबून या अक्षराकडे पाहायला हवं, कारण ते आपलं आहे.

मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. 'सूर्य', 'कार्य', 'दर्या' यांत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड', 'पायऱ्या' यांत तो पुढच्या अक्षराला डावीकडून बिलगतो, विळीच्या पात्यासारखा. फरक केवळ लेखनाचा नाही. मागच्या अक्षरावर आघात येतो तिथं रफार, आघात येत नाही तिथं हे पातं. म्हणून 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्याला' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्याला' जेवणाची वर्दी द्यायची. हिंदीला हे पातं लागत नाही. मराठीला, कोकणीला, नेपाळीला लागतं. आणि मराठीत ते आडवाटेचंही नाही. 'शेतकरी' शब्दाचं अनेकवचनी सामान्यरूप करा, 'दुसरा'ला विभक्ती लावा, 'करणारा' माणसाला बहुवचनी बाई करा, की पातं आलंच. दुष्काळाबद्दल बोलताना तर टाळताच येत नाही.

युनिकोडनं, म्हणजे जगातल्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेनं, देवनागरीची मांडणी भारतीय 'इस्की' मानकाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. तिथं 'र'ला मिळाला क्रमांक ०९३० आणि त्याच्या शेजारी ०९३१ वर बसला एक नुक्तावाला 'ऱ'. कोष्टकात या अक्षराचं काम म्हणून नोंदलेलं आहे ते द्राविडी भाषांतल्या एका र-कारासारख्या ध्वनीचं लिप्यंतर. तमिळ-मलयाळममधला कडक र देवनागरीत दाखवायचा तर हा घ्यावा. आणि त्याच्याच अर्ध्या रूपाला आपलं विळीचं पातं नेमून दिलं. म्हणजे 'शेतकऱ्या' लिहिताना आपण आत जे अक्षर साठवतो ते पाहुण्यांसाठी काढून ठेवलेलं ताट आहे. मला यात वाईट काही वाटत नाही, गंमत वाटते.

पण यातून एकाच पात्याच्या तीन लिखावटी तयार झाल्या. पहिली: ०९३१ हा सबंध 'ऱ', त्याला हलन्ताचा पाय, पुढे 'य'. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ऱ' येतो, तो हा. दुसरी: साधा 'र', मग सुटा नुक्ता, मग पाय, मग 'य'. युनिकोडच्या नियमानं पहिली आणि दुसरी समान आहेत. 'ऱ' फोडला की र आणि नुक्ता, सांधला की पुन्हा 'ऱ'. तिसरी: साधा 'र', पाय, मग एक अदृश्य शून्यरुंदीचा जोडक, मग 'य'. ही युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली, १९९६ ची रीत. जुन्या मजकुरासाठी मानकानं ती आजही चालू ठेवली आहे आणि टंकलेखनाची काही साधनं तीच उमटवतात. गोम अशी, की ही तिसरी लिखावट नियमानंही पहिल्या दोघींच्या बरोबरीची नाही. दिसायला तिन्ही एक. बाइट मोजले तर 'शेतकऱ्यांच्या' पहिल्या रीतीत ३९, दुसरीत ४२, तिसरीतही ४२, पण वेगळे ४२.

मी यादी इनस्क्रिप्टवर टंकली होती. मुद्रणं मात्र पुण्याच्या मित्राच्या मॅकवरून, त्याच्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर बसून आली होती. मॅकची १९९८ पासूनची फाईलव्यवस्था, एचएफएस प्लस, फाईलचं नाव स्वीकारताना फोडून ठेवते. तुम्ही सबंध 'ऱ' द्या, ती र आणि नुक्ता असे दोन लिहून घेते, आणि मागितल्यावर फोडलेलंच परत देते. फ्रेंचांचा 'कॅफे'सुद्धा याच यंत्रातून जातो: टोपीसह 'ई'चा सुटा 'ई' आणि सुटी टोपी. हिशेब असा, की नाव कोणत्याही रीतीनं टंकलं तरी डिस्कवर एकाच रीतीनं राहावं. एकट्या घरात ही शिस्त चांगली चालते. घर बदललं की अडचण.

कारण युनिक्स-लिनक्सच्या घराण्यात शिस्त अगदी उलटी आहे. तिथं फाईलचं नाव म्हणजे बाइटांची माळ, बस्स. त्यात दोनच बाइट वर्ज्य: एक तिरपी रेघ, कारण तिच्यानं फोल्डरामागून फोल्डर असा मार्ग तुटतो, दुसरा शून्य, कारण तिथं माळ संपते. बाकी काय लिहिलंय, कोणत्या लिपीत, याच्याशी व्यवस्थेला देणंघेणं नाही. ही बेफिकिरी आपल्या पथ्यावर पडली, हे मान्य करायला हवं. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर यूटीएफ-८ ही लेखनपद्धत आखली, तेव्हा त्यांनी काळजी घेतली, की इंग्रजीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच असेल. तिरप्या रेघेचा क्रमांक ४७. म्हणजे देवनागरी अक्षराच्या पोटात चुकून तिरपी रेघ निघणं अशक्य. जपानी लोकांच्या जुन्या शिफ्ट-जिस पद्धतीत काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका विंडोजच्या उलट्या तिरप्या रेघेचा निघायचा आणि फाईलचा मार्ग अक्षराच्या मधोमध तुटायचा. आपण त्या फेऱ्यातून सुटलो. ज्यांनी मराठी नावांबद्दल कधी विचारही केला नसेल अशा १९७० च्या दशकातल्या प्रोग्रॅमांत आज 'विहिरीच्या पायऱ्या' ही फाईल उघडते, ती या दोन गोष्टींमुळे.

गिट याच घराण्यातलं. नाव म्हणजे बाइट, आम्ही त्याला हात लावणार नाही, ही त्याची भूमिका. मॅकवर तिचा मॅकच्या भूमिकेशी खटका उडाला. लिनक्सवर ठेवलेली फाईल मॅकवर उतरवली, की मॅक नाव फोडून ठेवायचा. गिट डिस्क वाचायचं आणि म्हणायचं, तुमची फाईल नाहीशी झाली आणि अनोळखी अशी एक नवी आली. म्हणजे आमच्याच प्रोग्रॅमसारखं, हरवलेली एक आणि फालतू एक. २००८ साली यावर बराच वाद झाला. तोरवाल्ड्स यांनी मॅकच्या पद्धतीची यथेच्छ खरडपट्टी काढली. दोष कोणाचा हे ठरल्यानं कोणाची फाईल सापडत नाही, हेही तेव्हा दिसलं. इलाज २०१२ च्या ऑगस्टमध्ये, १.७.१२ या आवृत्तीत आला. टॉर्स्टन ब्योगरहाउसेन यांनी बसवलेली ही दुरुस्ती साधी आहे: मॅकवर डिस्क वाचताना येणारी फोडलेली नावं दारातच सांधून घ्यायची, मग आत काय ते नेहमीसारखं. या इलाजाला चार वर्षं लागली, यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांची नावं या फटीत अडकत होती, ते एकमेकांना ओळखत नव्हते.

एवढं कळल्यावर माझी दुरुस्ती सोपी वाटली. नावं जुळवताना दोन्हीकडची आधी सांधून घ्यायची, मग ताडून पाहायची. चार ओळींचं काम. चालवून पाहिलं. सातांपैकी पाच फायली सापडल्या.

'दुसऱ्या वर्षीचा पाऊस' आणि 'चाऱ्याची गाडी' या दोन राहिल्याच. या दोन मुलाखतींना नावं भाच्यानं दिली होती, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर, उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टंकून मराठी उमटवणाऱ्या साधनानं. तिथं पात्याची तिसरी रीत आली होती, अदृश्य जोडकाची. आणि सांधण्याच्या नियमाला या जोडकाशी कर्तव्य नाही. तो त्याला जिथल्या तिथं ठेवतो.

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच आला: दिसत नाही ना, मग काढून टाका. हे करायचं नाही. 'दऱ्या' तिसऱ्या रीतीनं लिहिलं असेल आणि त्यातला जोडक काढला, तर उरतो र, पाय, य. म्हणजे रफार. म्हणजे 'दर्या'. दिसत नसलेली वस्तू काढल्यावर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

हे मी कल्पनेनं सांगत नाही. एचएफएस प्लस दोन नावं ताडून पाहताना हा जोडक, त्याचा भाऊ शोभणारा विलगक आणि तशीच आणखी काही अदृश्य चिन्हं नसल्यासारखी धरते. त्या डिस्कवर जोडकाच्या रीतीनं लिहिलेलं 'दऱ्या' आणि साधं 'दर्या' या दोन फायली एका फोल्डरात राहूच शकत नाहीत. मराठी माणसानं यावरून आरडाओरड केल्याचं माझ्या वाचनात नाही. जगाचं लक्ष गेलं ते वेगळ्या कारणानं. गिट आपला सगळा कारभार '.गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतं आणि बाहेरून आलेल्या कोणत्याही फाईलला त्या नावानं आत शिरू देत नाही. २०१४ साली लक्षात आलं, की नावाच्या मध्ये एखादं अदृश्य चिन्ह घुसवलं, तर गिट म्हणणार, हे नाव वेगळं, येऊ द्या. आणि मॅकची डिस्क म्हणणार, हे तर तेच नाव, जा आत. मग परक्याची फाईल तुमच्या कारभाराच्या फोल्डरात बसून तुमच्या संगणकावर हवा तो हुकूम चालवणार. गिटसारखंच काम करणाऱ्या 'मर्क्युरिअल'च्या मंडळींना हे आधी सापडलं. १८ डिसेंबर २०१४ रोजी गिटच्या पाच निरनिराळ्या मालिकांच्या दुरुस्त आवृत्त्या एकदम बाहेर पडल्या. तेव्हापासून गिट त्या चिन्हांची यादी जवळ बाळगतं आणि '.गिट' ओळखताना ती वगळून पाहतं. पाहारेकऱ्यासाठी हे बरोबर आहे: संशयिताला ओळखताना मिशी काढून पाहावी. पण घरातल्या माणसांची नोंद करताना सगळ्यांच्या मिश्या काढू नयेत.

संकेतस्थळांच्या नावांतही हेच घडलं होतं. इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतल्या नावांसाठी २००३ साली जे नियम झाले, त्यांत हा जोडक सरळ गाळला जायचा. २०१० च्या सुधारित नियमांत त्याला अटीसह प्रवेश मिळाला: हलन्ताच्या पायानंतर आला असेल तरच. या अटीमागे आपल्यासारख्याच लिप्या आहेत. सिंहलीत 'श्री लंका'मधला 'श्री' याच जोडकावर उभा आहे. मलयाळममधली चिल्लू म्हणवली जाणारी स्वरहीन अक्षरं २००८ पर्यंत याच्याच आधारानं लिहायची, तेव्हा कुठं त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले.

म्हणून दुरुस्तीचा दुसरा भाग असा लिहिला. आधी नाव सांधायचं. मग 'र, पाय, जोडक' ही तिघांची जुळी जिथं दिसेल तिथं तिच्या जागी 'ऱ, पाय' धरायचं. बाकी कुठल्याही जोडकाला हात लावायचा नाही. आणि हे सगळं केवळ ताडून पाहण्यासाठी, मनातल्या मनात. डिस्कवरचं नाव आहे तसंच राहील आणि फाईल उघडताना डिस्कनं दिलेले बाइटच वापरले जातील. दोन वेगळ्या फायली या हिशेबानं एकच ठरल्या, तर प्रोग्रॅमनं कोणतीही निवडायची नाही. थांबून माणसाला विचारायचं. चाचणीसाठी 'दऱ्या' तीन रीतींनी लिहून ठेवलं आणि चौथं 'दर्या'. पहिली तीन जुळली पाहिजेत, चौथं जुळता कामा नये. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांचीही तशीच चौकट. मास्तरकीच्या दिवसांतला व्याकरणाचा तक्ता प्रोग्रॅमच्या चाचणीत जाऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या प्रोग्रॅमचा सांभाळ करणाऱ्या गृहस्थांकडे हे पाठवलं. ते परदेशातले, देवनागरी न वाचणारे, आणि त्यांचे प्रश्न मला अतिशय योग्य वाटले. पहिला: एवढी उठाठेव करण्यापेक्षा फायलींची नावंच एका साच्यात बदलून का टाकत नाही? मी म्हटलं, नाव ज्यानं ठेवलं त्याचं असतं. शिवाय प्रोग्रॅमनं नाव बदललं, की उताऱ्यांतले, सूचीतले, पुण्याच्या मॅकवरचे सगळे जुने निर्देश तुटणार. दुसरा: सांधणं हा युनिकोडचा नियम आहे, तो घेतो, पण र-पाय-जोडकाचं समीकरण नियमात कुठं आहे? ते त्यात समानतेच्या तक्त्यात नाही. देवनागरी कशी रेखायची याच्या नियमांत आहे, जिथं दोन्ही रीतींना तेच पातं सांगितलं आहे. यावर चार-पाच वेळा पत्रापत्री झाली. शेवटी पहिला भाग सगळ्यांसाठी स्वीकारला गेला. दुसरा मागेल त्याला मिळेल असा, एरवी बंद. मला तो उघडाच हवा होता. पण ज्याला लिपी वाचता येत नाही त्यानं तिच्याबद्दल जपून पाऊल टाकावं, हे उलट केल्यापेक्षा बरं. तिसरी गोष्ट मी मागितली नव्हती, ती त्यांनीच केली: यादीतलं एकही नाव सापडलं नाही, तर आता प्रोग्रॅम 'काम पूर्ण' म्हणत नाही, न सापडलेली नावं लाल अक्षरांत दाखवून थांबतो, आणि फालतू फोल्डर आपणहून रिकामा होत नाही. खरं सांगायचं तर सात फायली वाचवायला एवढी तिसरी गोष्टच पुरेशी होती.

मॅकनंही पुढे आपली रीत बदलली. २०१७ पासूनची त्यांची एपीएफएस ही नवी व्यवस्था नाव जसं दिलं तसं जपते आणि फक्त ताडताना सांधलेलं-फोडलेलं एक धरते. लिनक्समध्येही २०१९ पासून, ५.२ या आवृत्तीपासून, एखाद्या फोल्डरापुरती अशी सोय मागून घेता येते. पण जुन्या डिस्का लोकांच्या कपाटांत आहेत, त्यांत लग्नाचे फोटो आहेत, आणि तिसरी रीत अजून हजारो संगणकांवर रोज टंकली जाते आहे. तुमच्याकडे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसत असतील आणि नावात पातं असेल, तर एक पुसण्याआधी दोन्ही उघडून पाहा.

'खडी फोडणाऱ्या बाया' मी त्या रात्री परत ऐकलं. बोलणारी आजी त्या पावसाळ्यात वारली होती. तिचं दुसरं मुद्रण नाही. तेहतीस मिनिटांच्या त्या फायलीत ती खडीच्या ढिगाचं माप कसं घेत ते सांगते, लेकरू झाडाखाली झोळीत ठेवून कशा कामाला लागत ते सांगते. विसाव्या मिनिटाच्या आसपास ती एका आठवड्याच्या मजुरीची गोष्ट सांगते. तिचं आणि तिच्या जावेचं नाव एक होतं, आडनाव तर एकच. मस्टर लिहिणाऱ्यानं दोघींची मिळून एकच ओळ लिहिली, आणि शनिवारी पगार वाटताना एकीलाच पैसे मिळाले. दुसरीचं नाव लागलेलं आहे, ते काय दोनदा लागतं का, असं त्यानं विचारलं म्हणे. मागून माझा आवाज येतो, "मग?" ती म्हणते, "मग काय, अर्धे अर्धे घेतले."

लॅपटॉपवर तो फोल्डर आजही दोनदा दिसतो. 'शेतकऱ्यांच्या मुलाखती', आणि खाली पुन्हा 'शेतकऱ्यांच्या मुलाखती'. एक माझा, एक पुण्याहून आलेला. दिवाळीला भाचा आला की त्याच्या लॅपटॉपवरून तिसराही येईल.